गगनबावड्याची पालवीही छापून यावी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पावसाळा सुरू झाला की आपल्या दैनिकात राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी आणि तालुकावार पावसाचे आकडे रोज छापून येतात. पातळी 39 फुटांवर गेली की इशारा आणि 43 फुटांवर गेली की धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरांनाही पाठ असते, आणि सकाळच्या चहाबरोबर आधी गगनबावड्याचा आकडा शोधणारी माझ्यासारखी माणसे या शहरात घरोघरी आहेत. त्याच गगनबावड्याकडची आणखी एक बातमी दरवर्षी माघापासून चैत्रापर्यंत घडत असते. ती मात्र आजवर कुठे छापून आल्याचे मी पाहिलेले नाही. या दिवसांत तिथल्या डोंगरातली झाडे पानांचे रंग बदलतात. ही बातमीही आपल्या वाचकांपर्यंत पोहोचावी, या विनंतीसाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे याची मला जाणीव आहे, परंतु विषय चार ओळींत सांगून समजण्यासारखा नाही.

माझे माहेर गगनबावडा तालुक्यातले. लग्नानंतर आणि पुढे बँकेतल्या नोकरीमुळे मी कोल्हापुरातच राहिले, तरी बालिंगा, कळे, साळवण, असळज या वाटेने एसटीतून माहेरी जाण्यायेण्यात चाळीस वर्षे गेली. मावशी तळकोकणात असल्यामुळे गगनबावड्याहून पुढे करूळ घाटाने वैभववाडीकडे उतरण्याचे प्रसंगही पुष्कळ आले. इतक्या वर्षांत या रस्त्याकडे मी गाडी वेळेवर पोहोचेल का, घाटात दरड तर आली नसेल ना, एवढ्याच काळजीने पाहत आले, हे कबूल केले पाहिजे. पावसाळ्यात धबधबे दिसत, ते पाहायचे; एरवी डोळे मिटून घ्यायचे.

गेल्या वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस मी मुलीकडे अमेरिकेत गेले होते. ती युटा राज्यात लोगन या गावी राहते. या गावाच्या कडेलाच डोंगर फोडून नदी बाहेर आलेली आहे, आणि त्या नदीच्या काठाकाठाने, चुनखडीच्या उंच कड्यांमधून, हमरस्ता क्रमांक 89 वर चढत चढत बेअर लेक नावाच्या निळ्याशार तळ्यापर्यंत जातो. अंतर सुमारे 40 मैल, म्हणजे आपल्या हिशोबाने पासष्ट किलोमीटरच्या घरात. कोल्हापूर ते गगनबावडा या प्रवासापेक्षा थोडेसेच अधिक. सप्टेंबरचा शेवटचा आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा हे तिथले रंगांचे दिवस. खालच्या उतारांवर मेपलची बुटकी झाडे कुंकवासारखी लाल झालेली असतात, आणि जसजसे वर जावे तसतशी अ‍ॅस्पेनची पांढऱ्या खोडांची, हळदीसारख्या पिवळ्या पानांची रांगच्या रांग दिसू लागते. अ‍ॅस्पेनच्या पानाचा देठ चपटा असल्यामुळे ते जराशा झुळकेनेही थरथरते. आपल्या पिंपळाखाली उभे राहिल्यावर जी सळसळ ऐकू येते, तिची मला तिथे फार आठवण झाली. एकाच मुळाचे फुटवे जमिनीखालून पसरत जाऊन या झाडाचे अख्खे रान तयार होते. याच राज्यात, लोगनपासून बरेच दक्षिणेला, पॅन्डो नावाचे असे एक रान आहे. सुमारे 43 हेक्टरांवर पसरलेली त्याची सत्तेचाळीस हजारांच्या आसपास खोडे मिळून मुळात एकच झाड आहे, असे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे.

त्या रस्त्यावर माणसे केवळ पाने पाहायला येतात, याचे मला प्रथम नवल वाटले. म्हातारी जोडपी गाडी बाजूच्या मोकळ्या जागेत लावून, घडीच्या खुर्च्या मांडून, तासन्‌तास डोंगराकडे पाहत बसलेली होती. कोणत्या उंचीवर रंग कितपत भरला आहे, कुठे उतरणीला लागला आहे, याची माहिती त्या दिवसांत तिथे नियमित प्रसिद्ध होते, आणि लोक ती पाहून आपला रविवार ठरवतात. मुलीच्या शेजारच्या एका वृद्ध बाईंनी मला विचारले, "तुमच्याकडच्या डोंगरात पाने कधी रंग बदलतात?" मी सहज उत्तर दिले की आमच्याकडे असे काही होत नाही, आमची झाडे बाराही महिने हिरवीच असतात.

हे उत्तर साफ चुकीचे होते, आणि देतानाच मला ते कुठेतरी खटकले. रात्री अंथरुणावर पडल्यावर आबांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, शब्द आठवले. माघाच्या अखेरीस रानातून घरी आले की ते आईला सांगत, "कोशिंब तांबडा झाला बघ, शिमगा आला." माझ्या वडिलांना जे दरवर्षी दिसत होते, ते पदवीधर मुलीने परक्या देशात नाकारले. परत आल्यापासून मी त्या रस्त्याकडे, आणि त्याविषयीच्या वाचनाकडे, नव्याने वळले आहे.

तिथले रंग आणि इथले रंग यांत एक मोठा फरक आहे. थंड प्रदेशात दिवस लहान होऊ लागले आणि रात्री गारठू लागल्या की झाड पानातले हरितद्रव्य मोडून त्यातले उपयोगी घटक खोडाकडे परत घेते. हिरवा रंग ओसरल्यावर पानात मुळातच असलेली पिवळी आणि नारिंगी द्रव्ये उघडी पडतात. लाल रंगाचे तसे नाही. देठाशी बुचासारख्या पेशींचा थर धरू लागल्यामुळे पानात अडकलेल्या साखरेपासून अँथोसायनिन हे लाल द्रव्य त्या वेळी नव्याने तयार होते. म्हणून दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री हिमाला न पोहोचणारी थंडी असली की त्या वर्षी लाली अधिक चढते. अशा रीतीने लोगनच्या घळीतला सगळा सोहळा गळायला निघालेल्या पानांचा असतो, आणि पंधरवड्यात फांद्या उघड्या पडतात.

आपल्या सह्याद्रीत थंडी एवढी नसते; इथे झाडाला अडचण असते ती पाण्याची. पाऊस संपून तीन-चार महिने झाले की वरची माती कोरडी पडते, आणि पानांवाटे होणारा पाण्याचा खर्च वाचवण्यासाठी पानझडी झाडे पाने टाकतात. इथपर्यंतची गोष्ट शाळेत शिकवतात. पुढची गोष्ट मला जास्त विलक्षण वाटते. पावसाला अजून तीन-चार महिने अवकाश असताना, ऊन रोज चढत असताना, यांतली कितीतरी झाडे खोलवरच्या मुळांनी ओल ओढून नवी पाने काढतात. ही कोवळी पाने हिरवी नसतात. त्यांत हरितद्रव्य उशिरा भरते, आणि तोवर तेच लाल द्रव्य त्यांना कडक उन्हापासून सांभाळते. पाने खाणाऱ्या किड्यांना ती फारशी रुचत नाहीत, असेही अभ्यासक सांगतात. पावसाळ्यात किडे वाढायच्या आत पान जून आणि राठ झालेले असते, आणि पहिल्या सरीपासून झाड कामाला लागते. म्हणजे जो लाल रंग तिकडे पान जाताना येतो, तो आपल्याकडे पान जन्मताना येतो. शेजारच्या बाईंना हे सांगता आले असते तर किती बरे झाले असते, असे मला आजही वाटते.

या सगळ्यांत कोशिंबाची सर कोणाला नाही. काही लोक त्याला कुसुम किंवा कुसुंब म्हणतात. लाखेचे किडे पोसण्यासाठी हे झाड प्रसिद्ध आहे. एरवी ते असे काही साधे दिसते की शेजारून गेले तरी नजर ठरू नये. मागे एका फाल्गुनात असळजच्या पुढे आमची एसटी पंक्चर झाली, तेव्हा अर्धा तास मी अशाच एका झाडाखाली उभी होते. बाजूच्या शेतातून नुकताच ऊस गेला होता, पाचट पसरलेली होती, वर ऊन मी म्हणत होते, आणि हे झाड शेंड्यापासून खालच्या फांदीपर्यंत लाल होते. एक डहाळी हाताला येत होती. तिची पाने ओल्या रुमालासारखी मऊ आणि लोंबती होती, देठाशी धरले तर पान ताठ उभे राहत नव्हते. शेंड्याकडची पाने गर्द लाल, त्यांखालची तांब्यासारखी, सर्वांत खालची पिवळसर पोपटी, असे एकाच डहाळीवर तीन रंग होते. पान उन्हाकडे धरले तर त्यातली प्रत्येक शीर मोजता येत होती आणि बोटांवर लाल सावली पडत होती. कंडक्टर म्हणाले, "बाई, दहा दिवसांनी या, हेच झाड हिरवं दिसंल." दहा दिवसांनी मी गेले नाही, त्या काळी मार्चअखेर म्हणजे बँकेत मान वर करायलाही सवड नसे. परंतु पुढच्या वर्षांत अधूनमधून जे पाहिले त्यावरून त्यांचे म्हणणे खरे होते. लाल रंग दोन आठवड्यांपेक्षा फारसा टिकत नाही, आणि म्हणूनच तो कधी भरला हे कोणीतरी सांगितले पाहिजे.

एकट्या कोशिंबावर मात्र हा हंगाम संपत नाही. त्याची सुरुवात खरे तर दिवाळीनंतरच होते, कारण किंजळीला येणारी पंखांची बारीक फळे नोव्हेंबर-डिसेंबरात इतकी तांबूस होतात की लांबून पाहणाऱ्याला अख्खे झाडच गंजल्यासारखे वाटते. मग गुळगुळीत पांढरट खोडाच्या नाण्याची पाने गळण्यापूर्वी पिवळी-तांबडी होतात. काटेसावर पाने टाकून लाल फुलांनी भरते, पाठोपाठ पळस आणि पांगारा. फाल्गुनात पिंपळाला गुलाबी-तांबूस पालवी फुटते, आणि शेजारी शेजारी असलेल्या दोन पिंपळांतला एक नवा कोरा तर दुसरा अजून जुन्या पानांत, असे दृश्य तर आपल्या शहरातही सहज दिसते. आंब्याची नवी पालवी जांभळट लाल, जांभळाची तांबूस, करंजाची मात्र थेट लखलखीत पोपटी. घाटमाथ्यावर अंजनी फुलली की फांद्यांना निळा-जांभळा मुलामा दिल्यासारखा दिसतो. दाजीपूरच्या रानाची तऱ्हा आणखी निराळी. ते निमसदाहरित असल्यामुळे कधीच उघडे पडत नाही. गर्द हिरव्या छतात आज इथले, उद्या तिथले एखादे झाड लाल होते, आणि राधानगरीकडून फोंडा घाटाकडे जाताना एखाद्या वळणावरून ते सारे खाली पसरलेले दिसते. हे रान 1958 साली अभयारण्य झाले. आज राधानगरी अभयारण्य म्हणून त्याचे क्षेत्र 351 चौरस किलोमीटर आहे, आणि 2012 साली पश्चिम घाटातील ज्या 39 ठिकाणांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यांत त्याचा समावेश आहे. तरीही 'दाजीपूरला जाऊन आलो' म्हणणाऱ्याला आपण पहिला प्रश्न विचारतो तो गवा दिसला का, हाच.

आता ज्या दोन गोष्टींमुळे हे पत्र लिहिणे लांबणीवर टाकता आले नाही, त्यांकडे वळते.

पहिली गोष्ट वणव्याची. ज्या दिवसांत ही पालवी फुटते, नेमक्या त्याच दिवसांत आपल्याकडे डोंगर पेटतात. वाळलेले गवत जाळले की पावसात नवे गवत जोमाने येते, ही समजूत आमच्या गावातही होती. घरातले कोणी काही बोलत नसे. कुठे उसाची पाचट पेटवलेली असते आणि वारा फिरल्यावर ती बांध ओलांडून डोंगराला लागते, कुठे गाडीतून टाकलेली विडी-सिगारेट पाचोळ्यात पडते. पाच-सहा वर्षांपूर्वी होळीच्या आधी दोन दिवस, संध्याकाळच्या गाडीने परतताना, घाटमाथ्याच्या उतारावर लाल रेघ सरकताना दिसली. तीन वनरक्षक आणि गावातली काही मुले हिरव्या डहाळ्या तोडून त्या आगीला झोडपत होती. त्यांच्याजवळ दुसरे साधन दिसले नाही. दुसऱ्या आठवड्यात त्याच जागेवरून गेले, तेव्हा उतार काळा होता आणि कडेच्या एका कोशिंबाची अर्धी बाजू लाल पालवीची, अर्धी बाजू होरपळून तपकिरी झालेली होती. लांबून दोन्ही रंग जवळजवळ सारखेच दिसत होते. जवळ गेल्यावर फरक कळला.

मोठे झाड एखादवेळी तगते. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी जाड असते, त्यामुळे तो आग सोसतो. पातळ सालीच्या झाडांना ते साधत नाही, आणि दोन-तीन वर्षांची रोपे तर सर्वच जातीची मरतात. दरवर्षी आग लागत राहिली तर पंचवीस वर्षांनी त्या उतारावर लाल व्हायला कोशिंब उरणारच नाही. पाचोळा जळाल्यामुळे उघडी पडलेली माती वळवाच्या पहिल्या पावसात धुऊन ओढ्याला जाते, ओढ्यातून कुंभीला आणि कुंभीतून पंचगंगेला. ज्या राजाराम बंधाऱ्याचे आकडे आपण रोज वाचतो, त्याच्या पाण्यात ही माती आलेली असते. राखीव वनात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम, 1927 च्या कलम 26 प्रमाणे गुन्हा आहे, आणि अभयारण्याच्या बाबतीत वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 चे कलम 30 लागू होते. कायदा आहे, आग पुढे पसरू नये म्हणून मोकळे केलेले पट्टे, म्हणजे जाळरेषाही दरवर्षी काढल्या जातात. परंतु जे रान उन्हाळ्यात 'भकास' असते असे आपण सारे धरून चालतो, ते पेटले तर कोणाला हळहळ वाटणार? पालवी पाहायला गाडी भरून माणसे जाऊ लागली, तर धूर दिसताच फोन करणारी माणसेही वाढतील, अशी माझी समजूत आहे.

दुसरी गोष्ट रस्त्याकडेच्या झाडांची. घाटरस्ते रुंद आणि पक्के व्हावेत याला माझा मुळीच विरोध नाही. दरड कोसळून रात्रभर गाडीत अडकणे काय असते, हे मी भोगलेले आहे, आणि तालुक्यातल्या आजारी माणसाला कोल्हापूरला आणताना या रस्त्यावर काय होते, तेही घरच्या अनुभवातून जाणते. माझे म्हणणे एवढेच आहे की रुंदीकरणात जी झाडे जातात, त्यांच्या बदल्यात काय लावले जाते ते पाहावे. वर ज्या कोशिंबाखाली मी अर्धा तास उभी होते, त्याच्या बुंध्यावर एका वर्षी रंगाने आकडा घातलेला दिसला. पुढच्या वर्षी तिथे बुंधाच उरला होता, आणि त्याच्या पुढच्या वर्षी तोही नव्हता. त्या टप्प्यात आता लोखंडी पिंजऱ्यांमध्ये गुलमोहराची रोपे उभी आहेत, काही ठिकाणी ऑस्ट्रेलियन बाभूळ आहे. गुलमोहर मादागास्करचा, शहरातल्या रस्त्यांवर पसरलेला रेन ट्री दक्षिण अमेरिकेकडचा. ही झाडे वाईट आहेत असे नाही, आणि मे महिन्यातला गुलमोहर मलाही आवडतो. पण ज्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेकडो वर्षे कोशिंब, नाणा, ऐन, किंजळ, जांभूळ, करंज, पायर आणि उंबर वाढत आले, त्या रस्त्यावर त्यांचीच रोपे लावायला काय अडचण आहे? वाढायला ती सावकाश आहेत, हे खरे. म्हणून तर ती आज लावली पाहिजेत. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांनी कोशिंबाचे ताजे बी पावसाच्या तोंडावर गोळा करून रोपे केली, तर येत्या काही वर्षांत गगनबावडा आणि राधानगरी या दोन्ही रस्त्यांना पुरतील इतकी रोपे मिळू शकतील. बियांसाठी लांब जायला नको. आपल्या देवरायांत जुनी झाडे उभी आहेत.

याच कामाबरोबर घाटात तीन-चार सुरक्षित जागी गाडी उभी करण्यापुरती रुंदी, एक बसका कठडा आणि समोर दिसणाऱ्या झाडांची मराठी नावे सांगणारा एक फलक, एवढे झाले तर पुरे आहे. तिथे टपऱ्या नकोत, रंगीत अक्षरांतले गावाचे नाव नको. लोगनच्या रस्त्यावर मला सर्वांत चांगल्या वाटलेल्या जागा अशाच साध्या होत्या. आपल्याकडे जागाच नसल्यामुळे लोक वळणावर गाडी लावतात. पावसाळ्यात धबधब्यापाशी काय होते ते आपण छापताच. चालवणाऱ्याने मात्र पालवीकडे पाहू नये, ते काम शेजारी बसलेल्याने करावे. सर्वांत उत्तम म्हणजे एसटीच्या खिडकीशी बसून जावे.

गर्दी वाढेल, ही शंका माझ्याही मनात आली. कासच्या पठारावर फुलांच्या दिवसांत पर्यटकांच्या संख्येला मर्यादा घालावी लागली, हे सर्वांना माहीत आहे. परंतु कासची फुले पायाखाली येतात. पालवी डोक्यावर असते, आणि ती एका पठारावर गोळा झालेली नसून पन्नास-साठ किलोमीटरभर विखुरलेली असते. तुडवले जाण्यासारखे तिच्यात थोडे आहे. गाड्या थांबवण्याची शिस्त लागली, तर बाकीची भीती बाळगण्याचे कारण मला दिसत नाही.

आता मुख्य विनंती. जानेवारीअखेरपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, दर शुक्रवारी, आपल्या दैनिकात चार-पाच ओळींची एक चौकट द्यावी: गगनबावडा रस्ता, करूळ आणि भुईबावडा घाट, राधानगरी-दाजीपूर, आंबा घाट, आणि शेवटी कोल्हापूर शहर. प्रत्येक ठिकाणी कोणते झाड पाने टाकत आहे, कोणाला पालवी आली आहे, कुठे रंग भरात आहे आणि कुठे आग लागली आहे, एवढेच. आपल्या तालुका वार्ताहरांना हे अवघड जाऊ नये. एसटीचे चालक-वाहक, शाळांतले शिक्षक आणि वनरक्षक रोज या वाटेवर असतात, आणि त्यांना जे दिसते ते विचारणारे कोणी नसते. झाडाच्या नावाची खात्री करून घ्यायची असेल तर शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागासारखी जागा आपल्याच शहरात आहे. देशभरात 'सीझनवॉच' नावाचा उपक्रम चालतो. त्यात साधी माणसे आणि शाळेची मुले एक झाड ठरवून घेतात आणि दर आठवड्याला त्याची पाने, फुले, फळे यांची नोंद करतात. अशा नोंदी वर्षानुवर्षे साठल्या की पालवी लवकर येऊ लागली आहे की उशिरा, हे आठवणींवर न सोडता सांगता येते. आबांनी कोशिंब तांबडा झाल्याचे आईला सांगितले ते दिवस कोणी लिहून ठेवले असते, तर आज माझ्याजवळ तीस-चाळीस वर्षांच्या तारखा असत्या. त्या गेल्या. पुढच्या तरी ठेवता येतील.

आपण चौकट सुरू कराल तेव्हा पहिल्या आठवड्यासाठी उपयोगी पडावी, म्हणून गेल्या रविवारी एसटीने गगनबावड्याला जाऊन घेतलेली नोंद सोबत देत आहे. बालिंगा ते कळे: उसाची तोड सुरू, रस्त्याकडेचे पिंपळ जुन्या पानांत. साळवणच्या पुढे: काटेसावरीची पाने झडली, कळ्या मोठ्या झाल्या, फूल नाही. असळज ते गगनबावडा: नाण्याची पाने तांबडी, निम्मी खाली, किंजळीची फळे वाळून तपकिरी. कोशिंब: चार झाडे पाहिली, तिघांवर जुनी पाने, चौथ्याच्या शेंड्यावर बोटभर लाल. आग कुठेही नाही.

आपली नम्र,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
राजारामपुरी, कोल्हापूर